कोरियन बोलायला लागताना: आधी ‘यो’ जिभेवर बसवा

कोरियन शिकायला लागून मला सहाएक महिने झाले होते. ओळखीच्या एका कोरियन बाईंनी दुपारी सहज विचारलं, ‘शिक्सा हाश्यॉस्सॉयो?’ म्हणजे ‘जेवलात का?’ मी झटकन, मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिलं, ‘ने, शिक्सा हाश्यॉस्सॉयो!’ बाई हसल्या, पण काही बोलल्या नाहीत. घरी येऊन वही उघडली तेव्हा उलगडा झाला. ‘हो, जेवले’ असं साधं सांगायचं सोडून मी ‘होय, आम्ही भोजन ग्रहण करते झालो’ अशा महाराजांच्या थाटात बोलले होते. त्यांच्या प्रश्नातला ‘शि’ (‘शिक्सा’तला नव्हे, ‘हाश्यॉ’त मिसळलेला) आदराचा होता. तो त्यांनी मला दिला होता, मी मात्र तो स्वतःलाच चिकटवून घेतला.

चूक लहान होती, पण तिचं मूळ शोधताना एक गोष्ट लक्षात आली. मी कोरियन इंग्रजीच्या वाटेने शिकत होते. ‘प्लीज’ला काय म्हणतात, ‘यू’ला काय म्हणतात, असं शब्दाला शब्द जोडत होते. कोरियन सभ्यता अशा सुट्या शब्दांत नसते. ती क्रियापदाच्या शेवटात असते आणि समोरच्याला काय म्हणून हाक मारता यात असते. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे दोन्ही लहानपणापासून येतं. म्हणून हा लेख मराठीच्या वाटेने जाणारा आहे. जिथे ती वाट फसवते, तिथे तसं सांगितलं आहे.

लिपीबद्दल दोन शब्द

खालची वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत, पण ती कुबडी समजा. हान्गुल ही लिपी राजा सेजोङने १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. तिची मूळ अक्षरं २४ आहेत. रोज अर्धा तास दिला तर आठ-पंधरा दिवसांत वाचता येते, तेव्हा ती आधी शिकून घ्या. इथे ‘ऑ’ लिहिलाय तो स्वर आपल्या ‘ऑ’ आणि ‘अ’ यांच्या मधला आहे. ‘ङ’ वाङ्मयातला आहे, त्याच्यामागे ‘ग’ ऐकू येऊ देऊ नका.

वाङ्मयाचा विषय निघालाच आहे, तर शाळेतली संधी आठवा. वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. कोरियनमध्ये नेमकं हेच होतं. लिहिताना ‘हाप्-नि-दा’, बोलताना ‘हाम्निदा’. लिहिताना ‘हान्-गुक्-माल’ (कोरियन भाषा), बोलताना ‘हान्गुङमाल’. इतर भाषांचे विद्यार्थी ज्या नियमावर आठवडा घालवतात, तो आपण आठवीत पाठ केलेला असतो. खरी पंचाईत होते क, ख आणि कोरियन ‘क्क’ या त्रिकुटाची. आपला ‘ख’ उपयोगी पडतो. ‘क्क’साठी हवा न सोडता घट्ट, कोरडा ‘क’ म्हणा. तिसरा, मऊ ‘क’ शब्दाच्या सुरुवातीला किंचित हवा घेतो आणि दोन स्वरांमध्ये ‘ग’ होतो. म्हणून ‘कासेयो’चं ‘गासेयो’ झालेलं ऐकलंत तर गोंधळू नका.

पहिली पायरी: आदराच्या दोन दिशा ओळखा

ही दोन मराठी वाक्यं बघा: ‘सर आले रे.’ ‘सर, मित्र आलाय.’

पहिल्या वाक्यात ज्यांच्याबद्दल बोलतोय ते मोठे आहेत, म्हणून ‘आले’. ज्याच्याशी बोलतोय तो बरोबरीचा, म्हणून ‘रे’. दुसऱ्यात बरोबर उलट. मराठीत आपण हे दोन हिशोब एकाच वेळी करतो आणि आपल्याला कळतही नाही.

कोरियन हेच करतं, फक्त दोन्ही खुणा क्रियापदावरच लावतं. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या आदरासाठी मध्ये ‘शि’ येतो. ज्याच्याशी बोलतोय त्याच्या आदरासाठी शेवटी ‘यो’ येतो. ‘सर आले रे’ म्हणजे ‘सॉन्सेङनिम ओश्यॉस्सॉ’: ‘शि’ आहे (तो ‘श्यॉ’त मिसळलाय), ‘यो’ नाही. ‘मित्र आलाय, सर’ म्हणजे ‘छिन्गुगा वास्सॉयो’: ‘शि’ नाही, ‘यो’ आहे.

आणि स्वतःबद्दल बोलताना ‘शि’ कधीही नाही. प्रश्नातला ‘शि’ उत्तरात काढून टाकायचा:
‘शिक्सा हाश्यॉस्सॉयो?’
‘ने, मॉगॉस्सॉयो. सॉन्सेङनिमुन्यो?’ (हो, जेवले. आणि सर, तुम्ही?)

हा संवाद इतक्या वेळा म्हणा की प्रश्न ऐकताच तोंडातून ‘मॉगॉस्सॉयो’ आलं पाहिजे. कोरियात हा प्रश्न आपल्या ‘काय, झालं का जेवण?’सारखा वाटेवरचा असतो. ताटात काय होतं ते सांगत बसायचं नसतं.

दुसरी पायरी: एकच शेवट पक्का करा

पुस्तकात बोलण्याच्या पातळ्यांचे तक्ते असतात. ते बघून नवा माणूस गांगरतो. सुरुवातीला तुम्हाला एकच पातळी बोलता यायला हवी आणि दुसरी ऐकून समजायला हवी.

बोलायची ती ‘यो’ची. दुकानदार, शेजारी, शिक्षक, वर्गातला अनोळखी मुलगा, या सगळ्यांशी ती चालते. त्यात एक सोय आहे. ‘कायो’ हे एकच रूप सुराप्रमाणे ‘जाते’, ‘जाताय?’, ‘चला, जाऊ या’ आणि ‘जा ना’ अशी चारही कामं करतं. समजायची पातळी ‘म्निदा’ची. ती बातम्यांत, घोषणांत, कचेरीत आणि गल्ल्यावरच्या माणसाच्या तोंडी येते. ‘यो’ नसलेल्या बोलण्याला पान्माल म्हणतात, शब्दशः ‘अर्धी भाषा’. ती आपल्या अरे-तुरेची जागा आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

सरावासाठी रोजची दहा क्रियापदं घ्या: कायो (जाते), वायो (येते), मॉगॉयो (खाते), माश्यॉयो (पिते), प्वायो (बघते), हेयो (करते), इस्सॉयो (आहे), ऑप्सॉयो (नाही), थायो (गाडीत बसते), सायो (विकत घेते). सकाळी आवरताना स्वतःची कामं मोठ्याने सांगत जा, पण हवेत नको. कोणाला तरी सांगा, कारण ‘यो’ला ऐकणारा लागतो. मी खिडकीतल्या तुळशीला सांगते. ती वडीलधारी आहे, त्यामुळे ‘यो’ विसरायला होत नाही.

आता नवशिक्यांसाठी सगळ्यात उपयोगी युक्ती. ‘यो’ क्रियापदालाच लागतो असं नाही, तो तुटक्या शब्दालाही चिकटतो. वाक्य जमत नसेल तर हाताशी असलेला शब्द घ्या आणि मागे ‘यो’ लावा. ‘चॉयो?’ (मी?), ‘नेइल्यो’ (उद्या), ‘पुणेएसॉयो’ (पुण्याहून). व्याकरण अर्धवट राहिलं तरी सभ्यता पूर्ण झाली. अपवाद एकच, ‘वेयो?’ (का?). वडीलधाऱ्याने हाक मारल्यावर नुसतं ‘वेयो?’ म्हटलं तर ते ‘काय आहे?’सारखं उद्धट वाटू शकतं. तिथे ‘ने?’ पुरे.

तिसरी पायरी: ‘तुम्ही’ विसरा, हाक शिका

शब्दकोशात ‘तुम्ही’साठी ‘ताङ्शिन’ सापडेल. तो तिथेच राहू द्या. नवरा-बायको एकमेकांना म्हणतात, जाहिरातीत आणि गाण्यात येतो, आणि रस्त्यावरच्या भांडणात तर हमखास येतो. अनोळखी माणसाला समोरासमोर म्हटलात तर तो शेवटचाच अर्थ घेईल.

मग ‘तुम्ही’च्या जागी काय? हुद्दा किंवा नातं. आपणही ‘सर, चहा घेणार?’, ‘काकू, येताय ना?’ असंच विचारतो, ‘तुम्ही’ वगळूनच. कोरियन तेच काटेकोरपणे करतं.

शिक्षक, डॉक्टर किंवा ज्यांना काय म्हणावं कळत नाही असे प्रौढ गृहस्थ: सॉन्सेङनिम. दुकानाचा मालक, आणि मालक असावा अशी शंका असलेला कोणीही: साजाङनिम. बस किंवा टॅक्सीचा चालक: कीसानिम. बरोबरीच्या ओळखीच्या माणसाला नावापुढे ‘श्शी’. हा ‘श्शी’ वरिष्ठांना लावू नका, आणि नुसत्या आडनावाला तर कोणाच्याच लावू नका, तुसडं वाटतं. हाक मारायला काहीच सुचलं नाही तर ‘चॉगियो’ (अहो, ऐकता का) किंवा खानावळीत ‘यॉगियो’ (इकडे जरा).

लहानशा खानावळीत वाढणाऱ्या बाईंना गिऱ्हाईक ‘इमो’ म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण, मावशीच. भाजीवालीला, कामाला येणाऱ्या बाईंना मावशी म्हणणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तर हायसंच वाटलं. आदराचा ‘निम’ लावून ‘इमोनिम’ म्हटलं की अजून गोड.

इथेच मराठीची वाट फसवते, सांभाळा. आपण रिक्षावाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ‘दादा’ म्हणतो. त्यावरून अनोळखी पुरुषाला ‘ओप्पा’ म्हणू नका. ओप्पा हा शब्द फक्त मुलींनी, तोही भावासाठी किंवा जवळच्या, वयाने थोड्या मोठ्या पुरुषासाठी वापरायचा. मुलगा तोच दादा ‘ह्यॉङ’ म्हणतो. मोठ्या बहिणीला मुलगी ‘ऑन्नी’ म्हणते आणि मुलगा ‘नुना’. मालिका बघून आलेल्या विद्यार्थ्याच्या तोंडी ओप्पा सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात जास्त चुकतो. मध्यमवयीन बाईसाठीच्या ‘आजुम्मा’चंही तसंच. शब्द वाईट नाही, पण पस्तिशीतल्या बाईला ‘ओ आजी’ म्हटल्यावर जे होईल तेच होईल.

नाव विचारायचं तर ‘सॉङहामी ऑत्तॉखे द्वेसेयो?’ (आपलं शुभनाव?). नावाला साधा शब्द ‘इरुम’, आदराचा ‘सॉङहाम’. वय विचारलं गेलं तर रागावू नका. कोणी कोणाला काय म्हणायचं हे ठरवण्यासाठी ते विचारलं जातं. बऱ्याचदा थेट वयाऐवजी जन्मवर्ष विचारतात: ‘म्यॉन न्यॉन्सेङ इसेयो?’ जन्मताच एक वर्ष आणि प्रत्येक नववर्षाला आणखी एक, अशी वय मोजायची जुनी रीत तिथे होती. २८ जून २०२३ पासून सरकारी कामकाजात जगभरासारखंच वय धरायचं ठरलं. तरीही जन्मवर्षाचा प्रश्न काही गेला नाही.

चौथी पायरी: प्रसंग घ्या, आणि समोरच्याचीही वाक्यं पाठ करा

माझ्या मते इथे बहुतेक जण घसरतात. आपली वाक्यं घोकून दुकानात जातात. ‘इगॉ हाना जुसेयो’ (हे एक द्या) छान जमतं. मग गल्ल्यावरची मुलगी भराभर चार प्रश्न विचारते आणि चेहरा पांढरा पडतो. तुम्ही बोलता त्यापेक्षा तुमच्याशी जे बोललं जातं ते जास्त आदराचं, लांब आणि वेगवान असतं, कारण गिऱ्हाईक तुम्ही असता. म्हणून सरावात दुकानदारही तुम्हीच व्हा.

प्रसंग, कोपऱ्यावरचं सोयीचं दुकान:
‘ऑसॉ ओसेयो.’ (या. उत्तराची गरज नाही, मान किंचित लववली की झालं.)
‘पोङथु फिर्योहासेयो?’ (पिशवी हवी का?)
‘आनियो, क्वेन्छानायो.’ (नको, चालेल.) किंवा ‘ने, जुसेयो.’
‘यॉङसुजुङ तुरिल्क्कायो?’ (पावती देऊ का?)
‘क्वेन्छानायो.’
‘खादुरो हाल्क्केयो.’ (कार्डाने देते.)

‘क्वेन्छानायो’ लक्षात ठेवा. ‘ठीक आहे’ आणि ‘नको’ हे दोन्ही त्यातच येतं, आपल्या ‘राहू दे’सारखं. हवं असेल तर नुसतं ‘क्वेन्छानायो’ म्हणू नका, पिशवी मिळणार नाही.

कॉफीच्या दुकानात ‘तुशिगो गासेयो?’ (इथेच घेणार?) असं विचारतील. बांधून हवं असेल तर ‘फोजाङियो’. मग कधी कधी ‘खॉफी नाओश्यॉस्सुम्निदा’ अशी हाक येते. यात ‘शि’ चक्क कॉफीला लावलाय, म्हणजे ‘कॉफी आल्या आहेत’. व्याकरणाचे जाणकार कोरियात यावर कपाळाला हात लावतात, पण गिऱ्हाईकाला कमी पडू नये म्हणून मुलं बोलतात. ऐकून समजा, शिकू मात्र नका.

पैशांचे आकडे चिनी मुळाच्या शब्दांत येतात: ४,५०० वॉन म्हणजे ‘साछॉन ओबेग्वॉन’. वस्तू मोजताना मात्र देशी आकडे: हाना, तुल, सेत. मोठ्या रकमांत दहा हजारांचं ‘मान’ हे एकक आहे. आपल्या लाखाला ते ‘शिम्मान’ म्हणतात, दहा ‘मान’. सरावासाठी घरातल्या बिलांवरचे आकडे वाचा, दुसरा उपाय मला सापडला नाही.

प्रसंग, खानावळ. पाणी मागताना ‘मुल जोम जुसेयो’. तिखट नको असेल तर ‘आन मेप्के हे जुसेयो’. शाकाहारी असाल तर ‘कोगिरुल मोन मॉगॉयो’ (मांस खात नाही), ‘कोगी प्पेगो जुसेयो’ (मांस वगळून द्या). पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. ‘कोगी’ म्हटल्यावर साधारण मटण-चिकन डोळ्यांसमोर येतं, मासळी नाही. रश्श्यात सुक्या मासळीचं पाणी असू शकतं आणि किमचीतही बहुधा खारवलेली मासळी असते. म्हणून ‘सेङसॉनदो मोन मॉगॉयो’ (मासेही खात नाही) हे वाक्य जोडीला ठेवा. जेवायच्या आधी ‘चाल मॉक्केस्सुम्निदा’, जेवून उठताना ‘चाल मॉगॉस्सुम्निदा’. टेबलावर वडीलधारं कोणी असेल तर त्यांनी चमचा उचलल्यावर आपण उचलायचा. पैसे, पेला, कागद देता-घेता दोन हात, किंवा उजव्या हाताला डाव्याचा आधार. प्रसाद घेताना आपला हात आपोआप जसा होतो, तसाच.

प्रसंग, गर्दीची बस. उतरायचं तर ‘चाम्शिमान्यो, नेरिल्क्केयो’ (एक मिनिट, उतरते हं). या ‘ल्क्केयो’त ऐकणाऱ्याची दखल आहे, आपल्या ‘येते हं’मधल्या ‘हं’सारखी. हा एक शेवट आला की बोलणं एकदम माणसांतलं वाटायला लागतं.

पाचवी पायरी: ‘जरा’ आणि अर्धं वाक्य

वर ‘मुल जोम जुसेयो’त ‘जोम’ येऊन गेला. तो म्हणजे आपला ‘जरा’. ‘पाणी द्या’ आणि ‘जरा पाणी द्या’ यात जेवढा फरक, तेवढाच त्याने पडतो. विनंतीत तो घातलात की इंग्रजीतलं ‘प्लीज’ शोधायची गरज उरत नाही. प्रश्नाच्या सुरुवातीला ‘होक्शी’ ठेवा, म्हणजे ‘बाय द वे’ नव्हे, तर आपलं ‘चुकून तुम्हाला माहीत असेल तर’. ‘होक्शी ह्वाजाङशिरी ऑदियेयो?’ (स्वच्छतागृह कुठे असेल हो?) अनोळखी माणसाला थांबवताना त्याच्याही आधी ‘च्वेसोङहान्देयो’ (माफ करा हं, पण...). हे वाक्य मुद्दाम लोंबतं सोडलंय. कोरियनमध्ये अर्धं सोडलेलं वाक्य अपुरं नसतं. पुढचं समोरच्याने ओळखायचं, त्यातच अदब आहे.

नकाराची गंमत तर बघाच. कोणी संध्याकाळी भेटायचं विचारलं आणि जमत नसेल, तर थेट ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘ओनुरुन जोम...’ एवढंच म्हणून थांबतात. शब्दशः ‘आज जरा...’. आपणही नेमकं एवढंच म्हणून थांबतो! समोरचा ‘बरं बरं, परत कधीतरी’ म्हणतो आणि विषय मिटतो. नवशिका मात्र आपली सगळी कारणं कोरियनमध्ये रचायला जातो, रडकुंडीला येतो आणि वर ते कारण खोटंही वाटतं. ‘जोम’ म्हणा, सूर खाली आणा, किंचित कसनुसं हसा आणि गप्प राहा. आरशासमोर करून बघा, सुरुवातीला हसू येतं.

माफीचे दोन शब्द आहेत. ‘मियानहेयो’ बरोबरीच्या किंवा लहानाला. मोठ्यांना आणि अनोळखी लोकांना ‘च्वेसोङ हाम्निदा’. आभारांचे ‘काम्सा हाम्निदा’ आणि ‘कोमाप्सुम्निदा’ दोन्ही कोणालाही चालतात.

सहावी पायरी: ऐकत असल्याचं ऐकू येऊ द्या

फोनवर आपण ‘हं... हो का... अरेच्चा... बरं’ असं मध्ये मध्ये बोललो नाही, तर पलीकडून ‘आहेस ना?’ येतं. कोरियन माणसालाही हे लागतं. चार तुकडे पुरतात: ‘आ, ने’ (बरं), ‘कुरेयो?’ (हो का?), ‘चिन्च्चायो?’ (खरंच?), ‘कुरॉखुन्यो’ (असं आहे तर). दुःखाची किंवा दगदगीची गोष्ट असेल तर ‘आइगो’. ‘आई गं’च्या इतका जवळ आहे की तो शिकवावा लागत नाही.

‘ने’ म्हणजे ‘हो’ असं पुस्तकात असतं, पण गप्पांत ‘ने, ने’ म्हणजे निव्वळ ‘ऐकतेय’. तेवढ्यावरून समोरचा सहमत आहे असं धरून चालू नका. नकारार्थी प्रश्नालाही जपा. ‘आन मेवॉयो?’ (तिखट नाही ना?) याला ‘ने’ म्हटलं तर ‘बरोबर, तिखट नाही’. खात्रीसाठी पुढे पूर्ण वाक्य जोडा: ‘ने, आन मेवॉयो.’

समजलं नाही तर नुसतं हसून मान हलवणं ही आपली सवय इथे महागात पडते. ‘छॉन्छॉन्ही माल्स्सुम्हे जुसेयो’ (सावकाश बोला) आणि ‘ताशी हान्बॉन माल्स्सुम्हे जुसेयो’ (पुन्हा एकदा सांगा), ही दोन वाक्यं पहिल्याच आठवड्यात पाठ करा.

निरोप

जाणाऱ्याला ‘आन्न्यॉङही गासेयो’, थांबणाऱ्याला ‘आन्न्यॉङही गेसेयो’. दुकानातून निघताना दुकानदार थांबतोय, म्हणून तुम्ही ‘गेसेयो’ आणि तो ‘गासेयो’. रस्त्यात दोघंही निघालात तर दोघंही ‘गासेयो’. मी वर्षभर उलटं म्हणत होते आणि दुकानदारांना त्यांच्याच दुकानातून घालवत होते.

घरातून बाहेर पडतानाचं वाक्य मात्र मराठी माणसाला एकदाच सांगावं लागतं. आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘जाऊन येते’ म्हणतो. कोरियनमध्येही ‘तान्यॉओगेस्सुम्निदा’, जाऊन येते. घरातले म्हणतात ‘तान्यॉओसेयो’, जाऊन या.

कचेरीत काम असेल तर

रांजणगाव-तळेगावकडे कोरियन कंपन्या आहेत, दुभाषाच्या किंवा इतर कामासाठी तिकडे जाणारे पुष्कळ जण कोरियन शिकतात. त्यांनी ‘यो’सोबत ‘म्निदा’ही लवकर बोलायला शिकावं. वरिष्ठांना हुद्द्याने हाक मारायची: क्वाजाङनिम, पुजाङनिम, थिम्जाङनिम. काम सांगितल्यावर ‘आरास्सॉयो’ नको, त्यात ‘हो हो, कळलं’ अशी छटा येऊ शकते. ‘आल्गेस्सुम्निदा’ म्हणा. इतरांच्या आधी निघताना ‘मॉन्जॉ तुरॉगा बोगेस्सुम्निदा’ (मी जरा आधी निघते). ‘सुगोहासेयो’ (चालू द्या काम) दुकानातून निघताना सर्रास म्हणतात, पण वरिष्ठांना म्हटलेलं जुन्या वळणाच्या लोकांना खटकतं, तिथे टाळा.

अरे-तुरेवर कधी यायचं

तुम्ही ठरवायचं नाही. मोठ्याने सुचवायचं असतं. तुम्ही लहान असाल तर फार तर ‘माल्स्सुम फ्यॉनहागे हासेयो’ म्हणा, म्हणजे ‘मला अहो-जाहो करू नका’. त्यावर समोरचा ‘यो’ सोडेल, तुमचा ‘यो’ मात्र चालूच राहील. हेही आपल्याकडच्यासारखंच.

मालिका या कामासाठी फार चांगल्या, पण नुसत्या बघून नाही. एक दोन मिनिटांचा प्रसंग निवडा. कोण कोणाला ‘यो’ म्हणतंय, कोण नाही, आणि कोणत्या वाक्यापासून एखाद्याने ‘यो’ सोडला ते लिहून काढा. भांडणात आणि प्रेमात तो हमखास गळतो. या निरीक्षणाशिवाय मालिकेतलं वाक्य उचलून शिक्षकांना म्हणू नका. त्या वाक्यात बहुधा पान्माल असतं.

रोजचा सराव कसा बसवायचा

आठवड्याला एकच प्रसंग. सोमवारी दुकान, मंगळवारी फोन, असं फिरत राहिलात तर काहीच जिभेवर बसत नाही. पहिले दोन दिवस नुसतं ऐकून मागोमाग म्हणा, बोलणाऱ्याच्या सुरासकट. मग दोन दिवस दोन्ही बाजू स्वतः बोला आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. नंतर ऐकताना फक्त एक गोष्ट तपासा: प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘यो’ आला का. उच्चार, शब्द, सगळं दुसऱ्या वेळी. उरलेल्या दिवसांत जोडीदार मिळाला तर भूमिका बदलून करा, आणि मध्येच त्याला एक अनपेक्षित प्रश्न विचारायला सांगा: पिशवी संपली, कार्ड चालत नाही, दोनऐवजी तीन आले.

सेजोङ हाक्दाङ या कोरियन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम सुरुवातीला पुरेसे आहेत. पापागो या भाषांतर ॲपमध्ये आदरार्थी रूपाचं बटण असतं, ते चालू ठेवा. तरी त्याचं वाक्य बोलण्याआधी ‘शि’ स्वतःला लागलेला नाही ना, हे एकदा बघा. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची तयारी करत असाल तर हेही ध्यानात घ्या: तिच्यात ऐकणं, वाचणं आणि वरच्या पातळीवर लिहिणं येतं, बोलणं येत नाही. बोलण्याची परीक्षा वेगळी आहे, ती २०२२ मध्ये सुरू झाली. तिसरी-चौथी पातळी पार केलेली, पण पिशवीच्या प्रश्नावर अडणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत.

आणि एक वाक्य आधीच तयार ठेवा, कारण ते लागणारच. दोन वाक्यं धड बोललात की समोरून येईल, ‘हान्गुङमाल चाल्हाशिनेयो!’ (किती छान कोरियन बोलता!). यावर नुसतं ‘काम्सा हाम्निदा’ म्हटलं तरी चालतं, पण कोरियन लोकांत असं म्हणतात:

‘आनियेयो, आजिक मॉरॉस्सॉयो.’

छे हो, अजून खूप लांब आहे.